एकाच एडिटरची पस्तीस वर्षं

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र सावकाश वाचलं. नोकरी सोडायची, स्वतःचा नवा टेक्स्ट एडिटर अगदी पहिल्या ओळीपासून लिहायचा, तो मुक्त परवान्याखाली सगळ्यांना द्यायचा आणि दोन-तीन वर्षांत त्यावरच पोट भरायला लागायचं, असा तुझा बेत आहे. तू कोड चांगला लिहितेस, मी तो पाहिला आहे, त्यामुळे एडिटर तयार होईल याबद्दल मला शंका नाही. मला काळजी वाटते ती दहाव्या वर्षाची. त्या वर्षी तो कोण सांभाळत असेल, हा प्रश्न तुझ्या पत्रात कुठेच आलेला नाही.

मुक्त सॉफ्टवेअरचे अग्रणी म्हटलं की रिचर्ड स्टॉलमन यांचं नाव आधी येतं, आणि ते योग्यच आहे. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि पुढे जीपीएल परवाना लिहिला, म्हणून तुला-मला आज दुसऱ्याचा कोड उघडून वाचण्याचा, बदलण्याचा, वाटण्याचा हक्क इतका साधा वाटतो. पण स्टॉलमन हे चळवळ उभी करणारे. तुला एक साधन घडवायचं आहे आणि ते रोज लोकांच्या हाताखाली नीट चालत ठेवायचं आहे. त्यासाठी व्हिम हा टेक्स्ट एडिटर घडवणारे ब्राम मोलेनार यांचं आयुष्य जास्त उपयोगी पडेल. व्हिम तू रोज उघडतेस. उघडल्यावर पहिल्या पडद्यावर त्यांचं नाव असतं, ‘आणि इतर’ या शब्दांसकट. त्या ओळीमागे काय आहे ते सांगते.

सुरुवात व्हीआय या जुन्या एडिटरपासून करावी लागेल. बिल जॉय यांनी बर्कलीला असताना १९७६ च्या सुमारास तो एडिटर लिहिला. ते ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर काम करत त्याच्या कीबोर्डवर एच, जे, के आणि एल या कळांवर बाण छापलेले होते. तू आजही कर्सर त्याच कळांनी हलवतेस. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर व्हीआय जगभर पोचला. पण त्याचा काही भाग एड या जुन्या एडिटरच्या कोडवर उभा होता आणि तो कोड एटी अँड टी कंपनीच्या मालकीचा. कंपनीचा सोर्स परवाना हातात नसेल तर व्हीआय घेऊन बदलायची सोय नव्हती. हा पेच २००२ मध्ये जुना युनिक्स कोड खुला झाला तेव्हा कुठे सुटला. तोपर्यंत ज्यांना घरच्या संगणकावर व्हीआय हवा होता त्यांना तो नव्याने लिहून काढावा लागे. १९८७ मध्ये टिम थॉम्पसन यांनी अटारी एसटी या संगणकासाठी स्टीव्ही नावाची अशीच एक प्रतिकृती केली. टोनी अँड्र्यूज यांनी ती सुधारून युनिक्सवर नेली आणि फ्रेड वॉल्टर यांनी अमिगा या घरगुती संगणकावर.

इथे ब्राम येतात. जन्म १९६१ चा, नेदरलँड्समधला. डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठातून १९८५ मध्ये ते विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडले. युनिक्सवरच्या व्हीआयची त्यांच्या बोटांना सवय झालेली, आणि घरी अमिगा. अमिगावर चांगला व्हीआय नव्हता. १९८८ मध्ये त्यांनी स्टीव्हीचा कोड घेतला आणि स्वतःला खटकणाऱ्या गोष्टी दुरुस्त करायला लागले. जगाला काही द्यायचं असं तेव्हा मनात नव्हतं. स्वतःच्या टेबलावरची अडचण होती, ती दूर होत गेली, आणि तीन वर्षं हे काम त्यांच्याचपाशी राहिलं.

ती तीन वर्षं मला फार महत्त्वाची वाटतात. तू पहिल्या महिन्यात रिपॉझिटरी, म्हणजे कोडचं भांडार, सार्वजनिक करून दुसऱ्या महिन्यात लोकांनी दिलेले पसंतीचे तारे मोजायला बसशील, अशी मला भीती आहे. ब्राम यांनी जो एडिटर लोकांना दिला तो त्यांनी आधी स्वतः रोज वापरून घासलेला होता. २ नोव्हेंबर १९९१ रोजी व्हिमची १.१४ ही आवृत्ती फ्रेड फिश यांच्या ५९१ क्रमांकाच्या डिस्कवर बाहेर आली. फ्रेड फिश अमिगासाठी लिहिलेले मोफत प्रोग्रॅम गोळा करून फ्लॉपीवर भरत, आणि त्या फ्लॉपी हातोहात, टपालाने, क्लबांमधून पसरत. इंटरनेट घरोघरी नसतानाचा तो वाटपाचा मार्ग. पुढच्या वर्षी व्हिम युनिक्सवर गेला, म्हणजे ज्याची नक्कल म्हणून जन्मला त्या व्हीआयच्याच अंगणात जाऊन उभा राहिला. पुढे त्याच्यात इतकी भर पडली की नावातला ‘नक्कल’ (व्हीआय इमिटेशन) हा अर्थ काढून तिथे ‘सुधारित’ (व्हीआय इम्प्रूव्ह्ड) हा अर्थ घालावा लागला. व्ही-आय-एम ही अक्षरं तीच राहिली.

आता तुझ्या बेतातल्या ‘पहिल्या ओळीपासून’ या शब्दांकडे परत ये. जगातल्या सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या एडिटरांपैकी एक ज्याने घडवला त्याने पहिली ओळ स्वतः लिहिली नव्हती. आणि हे त्यांनी कधी लपवलं नाही. व्हिमच्या मदतपानांत श्रेयनामावली आहे, ती उघडून बघ. थॉम्पसन, अँड्र्यूज, वॉल्टर तिथे आहेत; मजकुरातले नमुने शोधणाऱ्या रेग्युलर एक्स्प्रेशनचा मूळ कोड लिहिणारे हेन्री स्पेन्सर आहेत; पुढे लांबलचक यादी आहे, आणि ज्यांनी बग कळवले, कल्पना सुचवल्या त्या सगळ्यांमुळे व्हिम जिवंत आहे असं ब्राम यांनी तिथे स्वतः लिहिलं आहे. दुसऱ्याचा कोड वाचून, समजून, त्यात भर घालणं हे तुझ्या पिढीला कमीपणाचं का वाटतं ते मला खरंच कळत नाही. आपल्याकडे महाविद्यालयात शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणजे काहीतरी ‘नवं’ हवं असतं. आधी असलेल्या प्रोग्रॅममधला एखादा जुना बग शोधून तो दुरुस्त करून दाखवला तर गुण मिळत नाहीत. त्या सवयीचा हा परिणाम असावा.

आवृत्त्यांचा इतिहास मी भराभर सांगते, कारण तो कुठेही वाचायला मिळेल. १९९४ मध्ये एकाच वेळी अनेक खिडक्या, १९९६ मध्ये ग्राफिकल रूप, १९९८ मध्ये कोडच्या सिंटॅक्सला, म्हणजे रचनेला, रंग, २००१ मध्ये मजकुराच्या घड्या, २००६ मध्ये शुद्धलेखन तपासणी, टॅब आणि फांद्या फुटणारं अनडू. हे सगळं करत असताना ब्राम कुठे होते, कशावर जगत होते, हे तुला जास्त कळायला हवं.

१९९४ मध्ये ते जवळपास वर्षभर युगांडात होते. दक्षिणेला, टांझानियाच्या सीमेजवळ, राकाई जिल्ह्यात किबाले नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या मुलांच्या केंद्रात ते स्वयंसेवक म्हणून गेले. काम काय, तर पाणी आणि स्वच्छतेच्या सोयी करणं आणि केंद्राच्या इमारती वाढवणं. त्या काळात राकाई एड्सने पोखरून निघालेला होता. ब्राम यांनीच लिहून ठेवलं आहे की साडेतीन लाख वस्तीच्या त्या जिल्ह्यात सुमारे ६०,००० मुलांनी आई किंवा वडील किंवा दोघंही गमावले होते. आजीच्या भरवशावर राहिलेली घरं, शाळेची फी नाही, दवाखाना दूर. नेदरलँड्सला परतल्यावर त्यांनी आयसीसीएफ हॉलंड नावाची छोटी संस्था काढली. एकेका मुलाचा शाळेचा खर्च उचलणारे दाते मिळवायचे आणि पैसे किबालेला पोचवायचे, हे तिचं काम.

आणि मग त्यांनी व्हिमचा पहिला पडदा त्या मुलांना दिला. तुला माहीतच आहे ती ओळ: युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा. व्हिम हवा तितका वापरा, हव्या तितक्या प्रती काढा, पैसे द्यायची सक्ती नाही. पण तो उपयोगी पडला असं वाटलं तर किबालेच्या मुलांसाठी काही द्या. याला ते चॅरिटीवेअर म्हणत. मी हे प्रथम वाचलं तेव्हा मला वाटलं होतं की ही एक तात्पुरती विनंती असेल. ती कधी हलली नाही. नंतर ब्राम स्वतःही पुन्हा पुन्हा किबालेला जात राहिले, काय चाललं आहे ते बघून परत येऊन दात्यांना कळवत राहिले.

याचं कारण विचार करण्यासारखं आहे. लाखो लोक दिवसातून अनेकदा जी जागा बघतात, तिची किंमत आजच्या बाजारात किती होईल ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. त्या जागेवर त्यांनी स्वतःच्या कंपनीची जाहिरात लावली नाही, कंपनी काढलीही नाही. माझ्या मते याच एका निर्णयामुळे ते इतकी वर्षं टिकले. रात्री नोकरीवरून आल्यावर कुणाच्या तरी टर्मिनलवरचा क्षुल्लक बग सोडवत बसायचं, तर त्याला कारण लागतं. कीर्तीचं कारण पाच-सहा वर्षं पुरतं. त्यांनी मात्र जिथे थकून चालणार नाही असं एक काम त्या एडिटरला बांधलेलं होतं. तुझ्या एडिटरला तू काय बांधणार आहेस, ते ठरव. युगांडाच हवं असं नाही. पण तुझ्याबाहेरचं काहीतरी हवं.

पोटाचं बोलते. तू नोकरी सोडण्याचं लिहिलं आहेस. ब्राम यांच्या बाबतीत व्हिमने त्यांना फार काळ पोसलेलं दिसत नाही. सातव्या आवृत्तीच्या काळात त्यांनी प्रायोजकत्व घेतलं. पैसे देणाऱ्याला पुढे कोणती सोय यावी यासाठी मत देता येई. हा प्रामाणिक प्रयत्न होता. जुलै २००६ मध्ये ते गूगलच्या झुरिकच्या कार्यालयात रुजू झाले आणि सप्टेंबर २०२१ पर्यंत तिथे राहिले. कामाच्या वेळातला काही भाग त्यांना व्हिमसाठी देता येई. आणि नोकरी लागल्यावर त्यांनी काय केलं बघ: आता मला पगार आहे, तेव्हा प्रायोजकांचे पैसेही युगांडातल्या मुलांकडे जातील, असं जाहीर केलं. म्हणून माझा सल्ला सरळ आहे. नोकरी सोडू नकोस. अशी नोकरी शोध की जिथे आठवड्यातले काही तास तुझ्या कामाला देण्याची मुभा लेखी मिळेल, आणि त्या तासांत लिहिलेल्या कोडवर मालकी कोणाची हे नेमणूकपत्रात स्पष्ट लिहिलेलं असेल. आपल्याकडच्या बऱ्याच नेमणूकपत्रांत कर्मचारी घरी लिहितो तेही कंपनीचं असं मोघम कलम असतं. सही करण्याआधी ते वाच, बदलून माग. लाजू नकोस. नंतर त्या कलमामुळे तुझा मुक्त परवानाच वादात सापडला तर लोकांनी पाठवलेले पॅच, म्हणजे कोडमधले बदल, तेही अडकतील.

आता कठीण भागाकडे येते. नाही म्हणण्याचा.

व्हिमच्या मदतपानांत एक छोटा विभाग आहे: व्हिम काय नाही. व्हिम म्हणजे शेल नव्हे, ऑपरेटिंग सिस्टिम नव्हे. त्याच्या आत शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, चालवता येणार नाही, कोडमधले दोष शोधणारा डीबगर हाकता येणार नाही, असं ब्राम यांनी तिथे वर्षानुवर्षं लिहून ठेवलं होतं. ज्याला ते हवं त्याने दुसरं साधन घ्यावं. लोक मागत राहिले, ते नाही म्हणत राहिले. प्रत्येक नवी सोय म्हणजे पुढची वीस वर्षं तिची चाकरी, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. अमिगापासून व्हीएमएसपर्यंत चित्रविचित्र यंत्रांवर तो कोड चालायचा होता. तू तुझ्या एडिटरसाठी असा एक कागद पहिल्या दिवशी लिही. काय करणार याच्या यादीपेक्षा काय करणार नाही याची यादी तुला जास्त वाचवेल.

पण नाही म्हणण्याची किंमतही त्यांनी मोजली. प्लगइन, म्हणजे एडिटरला वरून जोडलेला छोटा प्रोग्रॅम, एखादं लांबलचक काम करायला लागला की सगळा एडिटर गोठून बसायचा, कारण पार्श्वभूमीला काम चालवायची सोय नव्हती. थियागो दे अरुदा या ब्राझिलियन प्रोग्रॅमरने त्यासाठी पॅच पाठवला. तो स्वीकारला गेला नाही. २०१४ मध्ये थियागो यांनी लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि व्हिमचा फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून फुटलेला वेगळा प्रकल्प, काढला, निओव्हिम. जुन्या यंत्रांसाठीचा कोड काढून टाकणं, कोडची नवी मांडणी, पार्श्वभूमीची कामं, आणि एकाच माणसावर भार न टाकता अनेकांच्या हाती कारभार, अशी त्याची दिशा. तरुण लोक मोठ्या संख्येने तिकडे गेले. तूही बहुतेक दोन्ही वापरत असशील.

मला यात कोण बरोबर हे ठरवायचं नाही, पण माझं मत विचारशील तर त्या वेळी ब्राम यांचा नकार जरा जास्तच लांबला. ज्या अडचणीची तक्रार प्लगइन लिहिणारे इतकी वर्षं करत होते ती खरी होती. मात्र पुढचं बघ. सप्टेंबर २०१६ मध्ये व्हिम ८.० आला, त्यात जॉब, चॅनेल, टायमर अशी पार्श्वभूमीला काम चालवायची सगळी सोय होती. मे २०१८ मध्ये ८.१ आला आणि त्याच्यात टर्मिनलची खिडकी आली, डीबगर चालवायचं प्लगइनही आलं. म्हणजे ‘कधीच नाही’ म्हणून लिहून ठेवलेलीच गोष्ट. पन्नाशी उलटलेल्या माणसाने स्वतःचं जाहीर, छापील मत बदललं आणि मदतपानातला तो मजकूरही दुरुस्त केला. फोर्कमुळे दबाव आला हे त्यांनी मान्यही केलं. तुझा एडिटर चांगला निघाला तर त्याचा फोर्क होईल, हे आत्ताच गृहीत धर. तसं झालं तर फोर्क करणाऱ्याला शत्रू मानू नकोस; तुझ्याकडे दुर्लक्षित राहिलेली तक्रार कुणीतरी कोड लिहून तुला ऐकवली आहे इतकंच समज. निओव्हिमवाल्यांचंही मला एक फार आवडतं. त्यांनी कोडमधलं किती काही उपटून फेकलं, पण पहिल्या पडद्यावरची युगांडातल्या मुलांची ओळ ठेवली.

रोजच्या कामाबद्दल थोडं सांगते, कारण पस्तीस वर्षं शेवटी त्यातच गेली. व्हिममध्ये प्रत्येक बदलाला क्रमांक असतो. ७.४ आणि ८.० या आवृत्त्यांच्या मध्ये २,३६७ पॅच गेले, ८.२ आणि ९.० यांच्या मध्ये पाच हजारांवर. प्रत्येक पॅचच्या वर्णनाचा साचा एकच: अडचण काय होती ती एका ओळीत, तोडगा काय केला तो दुसऱ्या ओळीत. एवढंच. तुझे कमिट संदेश, म्हणजे प्रत्येक बदलाबरोबरच्या नोंदी, मी पाहिले आहेत, ‘किरकोळ बदल’, ‘आता चालतंय’ असे. आजपासून हा दोन ओळींचा साचा घे. अडचण एका ओळीत सांगता आली नाही तर ती तुला अजून समजलेली नाही, असं समजून पुन्हा कोडकडे जा. दुसरं, व्हिमबरोबर एक कामांची यादी येते, ज्ञात दोषांसकट. हजारो ओळींची ती फाइल प्रत्येक वापरणाऱ्याच्या संगणकावर पोचते. आपल्या प्रोग्रॅममध्ये काय काय बिघडलेलं आहे हे इतक्या उघडपणे सगळ्यांच्या घरी पाठवायला धीर लागतो, आणि त्याचा फायदा असा की अनोळखी माणूस यादीतला एखादा दोष उचलतो आणि पॅच पाठवतो.

आणि सगळंच यशस्वी झालं असं समजू नकोस. २००० नंतरच्या दशकात ब्राम यांनी सॉफ्टवेअर बांधण्या-वाटण्यासाठी ए-ए-पी नावाचं साधन लिहिलं; ते रुजलं नाही. झिंबू नावाची स्वतःची प्रोग्रॅमिंगची भाषा रचली. तीही फार लोकांपर्यंत गेली नाही. पण भाषा रचताना जे हात तयार झाले ते व्हिम९ स्क्रिप्टच्या वेळी कामी आले असणार, असं मला वाटतं. जून २०२२ मध्ये आलेल्या व्हिम ९.० मध्ये ही नवी, कितीतरी वेगवान स्क्रिप्ट होती. एकसष्टीच्या उंबरठ्यावरच्या माणसाने आपल्या तरुणपणच्या प्रोग्रॅमची भाषा आतून बदलून घेतली.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र इतकं लांबवलं ती सांगते. २०१४ मध्ये एका मुलाखतीत ब्राम यांना विचारलं गेलं की व्हिमचं भवितव्य टिकवण्यासाठी वापरणाऱ्यांनी काय करावं. त्यांचं उत्तर तीन शब्दांचं होतं: मला जिवंत ठेवा.

ते खरंच तसं होतं. लोक पॅच पाठवत, ब्राम ते वाचत, स्वतःच्या पद्धतीने बदलत आणि स्वतः आत घेत. गिटच्या नोंदीत लेखक म्हणून बहुतेक ठिकाणी त्यांचंच नाव दिसतं. ज्याने मूळ काम केलं त्याचं नाव वर्णनाच्या शेवटी कंसात. यामुळे व्हिममध्ये एक सलगपणा राहिला, जो समितीने चालवलेल्या प्रकल्पांत क्वचित दिसतो. १९९१ मधल्या सवयीची बोटं २०२३ मध्येही अडखळत नसत. पण सगळं एका माणसातून जात होतं. ३ ऑगस्ट २०२३ रोजी ब्राम गेले, वयाच्या ६२ व्या वर्षी. शेवटच्या काही आठवड्यांत आजार झपाट्याने वाढला होता, असं घरच्यांनी कळवलं. नोकरीतून बाहेर पडून त्यांना दोन वर्षंही झाली नव्हती. ती बातमी वाचून मी त्या दिवशी काम बंद ठेवलं.

व्हिम थांबला नाही. ख्रिश्चन ब्राबांट आणि आणखी काही जण अनेक वर्षं त्यांच्याबरोबर राबत होते, त्यांना कोडची खोड ठाऊक होती. ब्राबांट यांनी देखरेख हाती घेतली, आणि २ जानेवारी २०२४ रोजी आलेली ९.१ ही आवृत्ती ब्राम यांना अर्पण केली. पॅच अजून त्याच दोन ओळींच्या साच्यात येतात. फरक एवढाच की लेखकाच्या जागी आता पॅच पाठवणाऱ्याचं स्वतःचं नाव येतं. हा बदल मला फार योग्य वाटतो. ब्राम असताना तो झाला असता तर आणखी बरं झालं असतं.

तेव्हा तू काय करावंस ते लिहिते. एडिटर लिहायचा विचार सहा महिने बाजूला ठेव. व्हिमच्या रनटाइम फोल्डरमध्ये सिंटॅक्सला रंग देणाऱ्या शेकडो फाइली आहेत, एकेका भाषेसाठी किंवा कॉन्फिगरेशनच्या एकेका प्रकारासाठी. प्रत्येकीच्या डोक्यावर ती कोण सांभाळतो आणि शेवटचा बदल कधी झाला ते लिहिलेलं असतं. त्यातल्या कित्येकांना वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही, काहींना सांभाळणाराच उरलेला नाही. तू रोज वापरतेस अशा एखाद्या प्रकाराची फाइल शोध. जुन्या सांभाळणाऱ्याला नम्रपणे लिही, अजून तुम्ही हे बघता का, नसाल तर मी घेऊ का म्हणून विचार. मग चाचण्या लिही, रंग चुकतो ते नमुने गोळा कर, दोन ओळींचे पॅच पाठव. कुणीतरी ते परत पाठवेल, मोकळ्या जागा आणि टॅबवरून वाद घालेल, महिनाभर उत्तरच देणार नाही. त्या सगळ्याची तुला चीड येते की त्यात रस वाटतो, हे तुला स्वतःबद्दल कळेल. एडिटर लिहिताना पहिल्या वर्षी हे कळत नाही, कारण तेव्हा तक्रार करणारं कुणी नसतं.

सहा महिन्यांनंतरही स्वतःचा एडिटर लिहावासा वाटला तर लिही, मी तुझ्या बाजूने आहे. फक्त रिपॉझिटरी सार्वजनिक करशील त्या दिवशी दुसऱ्या एका माणसाला तिच्या पूर्ण किल्ल्या दे: डोमेनचं नाव, आवृत्ती प्रकाशित करायचा पासवर्ड, सगळं. तो कोण असेल ते आत्तापासून शोधायला लाग. तुझ्यापेक्षा कोड कमी जाणणारा चालेल, पण पत्राला उत्तर देणारा हवा.

नेमणूकपत्रातल्या त्या कलमाची प्रत मला पाठव, मी माझ्या ओळखीच्या वकीलबाईंना दाखवते. आणि कोणती सिंटॅक्स फाइल निवडलीस तेही कळव. पहिला पॅच पाठवण्याआधी एकदा मी वाचून देईन.

तुझी
मावशी